तुमचे प्रश्न, आपली बाग : सल्ला मिळाला, पण पुढे काय झालं?

या महिन्याचे प्रश्न वाचताना एक गंमत लक्षात आली. निम्म्याहून जास्त लोकांना झाडाचा नाही, सल्ल्याचा त्रास झालाय. म्हणजे बागवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, भराभर उत्तरं आली, आणि आता त्या उत्तरांचं करायचं काय हा नवीनच प्रश्न. म्हणून या वेळी तेच प्रश्न घेतलेत. नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत, टोपणनावं ज्याची त्यानेच दिलेली आहेत, मला हसू नका.

ताई, माझ्या कुंडीतल्या मिरचीची पानं आक्रसून वाकडी झालीत, नवीन पालवी पण तशीच येतेय. ग्रुपवर विचारलं तर कोणी म्हणालं आंबट ताक मारा, कोणी हळदीचं पाणी, कोणी नीम ऑइल, कोणी राख, एकांनी गंधक सांगितलं आणि एकजण म्हणाले व्हायरस आहे, उपटून टाका. उपटणं सोडून मी सगळं केलं. आता खालची पानं पण गळायला लागलीत. नक्की कोणाचं ऐकू? — मिरचीवाली

मिरचीवाली, आधी फवारणी थांबवा. सगळी. निदान दोन आठवडे फक्त लागेल तसं पाणी द्या आणि झाडाकडे नीट बघा, कारण या सगळ्या गडबडीत झाडाकडे कोणी बघितलेलंच नाहीये.

आपण ज्याला चुरडामुरडा म्हणतो ते तापासारखं आहे, ताप दिसतो पण कशाने आलाय ते शोधावं लागतं. मिरचीत साधारण तीन कारणं असतात. फुलकिडे असतील तर पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात, पानाची वाटी होते. पिवळा कोळी असेल तर उलटं, कडा खाली वळतात, पान अरुंद होतं आणि देठ लांबल्यासारखा दिसतो. आणि व्हायरस असेल तर पानं लहान लहान, एका जागी गुच्छ झाल्यासारखी, शिरांच्या आसपास पिवळी, झाडाची उंची खुंटलेली. हा व्हायरस पांढरी माशी पसरवते, म्हणून झाड हलकेच हलवून बघा, पांढरे बारीक किडे भुर्रकन उडाले तर संशय तिकडे.

आता एक करा. पांढरा कागद शेंड्याखाली धरा आणि शेंड्यावर दोन-तीन टिचक्या मारा. मिनिटभर कागद हलवू नका. मिलीमीटरभर लांबीचे, पिवळसर किंवा तपकिरी, रेघेसारखे किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. काही दिसलं नाही म्हणजे काही नाही असं मात्र समजू नका, कारण पिवळा कोळी पाव मिलीमीटरपेक्षाही लहान असतो, त्याला दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं, मोबाईलला लावायची क्लिपवाली लेन्स मिळते ती पण चालते.

फुलकिडे निघाले तर सगळ्यात वाकडे झालेले शेंडे खुडून टाका, पानांच्या मागून पाण्याचा जोरात फवारा मारा आणि मग संध्याकाळी नीम ऑइल, लिटरला साधारण ५ मिली, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, नाहीतर तेल पाण्यात मिसळतच नाही, वरती तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात सगळं तेल एकाच झाडावर पडतं. दर आठवड्याला एकदा असं तीनदा. कोळी असेल तर गंधक उपयोगी, नीम ऑइल तितकंसं नाही. आणि इथेच तुमचा घोटाळा झालाय असं मला वाटतं. तेल आणि गंधक यांच्यामध्ये किमान दोन आठवडे जावे लागतात, पाठोपाठ मारलं तर पानं भाजतात, कडक उन्हात तर अजूनच. ज्यांनी तेल सांगितलं ते बरोबर असतील, ज्यांनी गंधक सांगितलं ते पण बरोबर असतील, पण दोघांनाही माहीत नव्हतं की तुम्ही दोन्ही करणार आहात. वरून राख. राखेने माती अल्कधर्मी होते, कुंडीत मूठभर राख म्हणजे थोडी नव्हे. खालची पानं बहुतेक या सगळ्याने गळताहेत, मूळ रोगाने नाही.

व्हायरसच निघाला तर मात्र उपटा म्हणणारे गृहस्थ बरोबर. त्याला औषध नाही, आणि ते झाड ठेवलं तर पांढरी माशी तिथून शेजारच्या टोमॅटोवर जाते.

आणि काहीही निघो, ग्रुपवर परत जाऊन सांगा. 'फुलकिडे निघाले, हे केलं, इतक्या दिवसांत नवीन पान सरळ आलं' किंवा 'काही फरक नाही, झाड गेलं.' ज्या सहा जणांनी तुम्हाला सहा उपाय सांगितले त्यांच्यातल्या एकालाही आज माहीत नाहीये की आपला उपाय लागू पडला का, त्यामुळे पुढच्या मिरचीला ते पुन्हा तोच उपाय तितक्याच खात्रीने सांगणार. मला विचाराल तर ग्रुपवरची सगळ्यात मोठी उणीव हीच आहे, विचारणारे भरपूर, सांगणारे भरपूर, पण शेवट कळवणारा कोणी नाही.

मी फोटो टाकून 'याला काय झालंय' असं विचारतो तर कोणी उत्तरच देत नाही, नाहीतर 'ऊन दाखवा' एवढंच. जुन्या मेंबरांचेच प्रश्न सोडवतात का हे लोक? — नवखा

नाही रे बाबा. जुने लोक प्रश्न विचारताना निम्मं उत्तर स्वतःच देऊन टाकतात म्हणून त्यांना पटकन मिळतं. तू पाठवलेला फोटो मी बघितला, रात्री दिव्याखाली काढलेला, एक पान, मागे पडदा. दिव्याखाली हिरवं पान पण पिवळट दिसतं, त्यावरून कोण काय सांगणार?

दिवसा, सावलीत, फ्लॅश न लावता चार फोटो काढ. पूर्ण झाड कुंडीसकट, म्हणजे झाडाच्या मानाने कुंडी केवढी ते कळतं. दुखऱ्या पानाची वरची बाजू. त्याच पानाची मागची बाजू, हा सगळ्यात महत्त्वाचा, बहुतेक किडी तिथेच बसतात. आणि मातीचा, जमलं तर खालच्या भोकाचा. पेन किंवा नाणं शेजारी ठेवलंस तर आकार कळतो.

मग लिही: ऊन किती तास आणि सकाळचं की दुपारचं, पाणी शेवटचं कधी दिलं, माती आत्ता दोन पेरं खोल ओली आहे की कोरडी, आणि गेल्या महिन्याभरात काय बदललं. हा शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात. कुंडी बदलली, जागा हलवली, खत घातलं, पंख्याखाली आणलं, घराला रंग दिला, काहीही. पिवळी पडलेली पानं खालची जुनी आहेत की वरची नवीन तेही सांग, कारण नायट्रोजन कमी पडला तर झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं म्हणून जुनी आधी पिवळी होतात, आणि लोह कमी पडलं तर नवीन पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नुसतं 'पानं पिवळी पडताहेत' म्हटलं तर जास्त पाण्यापासून म्हातारपणापर्यंत काहीही असू शकतं.

आमच्याकडे टोमॅटो खालून काळे पडताहेत, बुडाला खळगा होतो. सगळ्यांचं एकमत की कॅल्शियम कमी आहे. मी अंड्याच्या टरफलांचा चुरा घातला, केळीच्या सालांचं पाणी घातलं, एप्सम सॉल्ट पण घातलं. काहीच फरक नाही. — वैतागलेला टोमॅटो

एकमत बरोबर, उपाय चुकीचे. असं होतं बरं का, ग्रुपवर फार वेळा.

फळात कॅल्शियम कमी पडतंय हे खरं आहे. पण मातीत तो बहुतेक वेळा पुरेसा असतो, फळापर्यंत पोचत नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतो, आणि पाणी जातं कुठे तर जिथून बाष्प जास्त उडतं तिथे, म्हणजे पानांकडे. फळाच्या वाट्याला आधीच थोडं येतं आणि त्याचं बूड म्हणजे ओळीतलं शेवटचं टोक. त्यात एक दिवस माती खडखडीत, दुसऱ्या दिवशी बादलीभर पाणी असं झालं की मधल्या काळात पुरवठा तुटतो आणि नेमक्या त्याच दिवसांत वाढणाऱ्या फळाचं बूड बसतं. लहान कुंडीत मोठं झाड असेल तर हे होणारच, ऊन वाढलं की दुपारपर्यंत माती कोरडी.

अंड्याचं टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते मातीत विरघळायला महिनोन्महिने लागतात, या सीझनच्या टोमॅटोला त्याचा उपयोग शून्य. केळीच्या सालात मुख्यतः पोटॅशियम. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम हे दोघेही मुळांपाशी कॅल्शियमशी स्पर्धा करतात, जास्त झाले की कॅल्शियम आत घेणं अजून कमी होतं. म्हणजे तुम्ही एका हाताने दिलं नाही आणि दुसऱ्या हाताने अडवलं.

काळी पडलेली फळं काढून टाका, हा संसर्ग नाही, दुसऱ्या फळाला लागत नाही आणि उरलेला चांगला भाग कापून खाता येतो. मातीवर वाळक्या पानांचा दोन-तीन इंचाचा थर द्या. पाणी रोज ठरलेल्या वेळी, थोडं पण नेमाने, वरच्या थराला कोरडं होऊ द्या, आतपर्यंत नाही. पुढच्या वेळी एका झाडाला पंधरा-वीस लिटरची कुंडी घ्या. खत पण आवरा, नायट्रोजन जास्त झाला की पानं माजतात आणि पाणी सगळं तिकडेच जातं. पहिल्या बहराच्या फळांना हा त्रास जास्त होतो, नंतरची बऱ्याचदा आपोआप चांगली येतात, आणि मग लोक म्हणतात टरफलांनी काम केलं!

कुंडीच्या तळाशी खडी घालावी की नाही यावरून आमच्या ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडल्यात. एक अनुभवी काका म्हणतात वर्षानुवर्षं घालतोय, दुसरे म्हणतात चूक आहे. दोन लोक ग्रुप सोडून गेले. — मधल्यामधे

खडीवरून ग्रुप सोडला! बरं.

दुसरी पार्टी बरोबर आहे, पण काकांची झाडं जिवंत आहेत हेही खरं, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. खडी घातली की पाणी लवकर निघून जातं असं वाटतं. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी तिच्याखालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही, माती पूर्ण भिजून टच्च होईपर्यंत ते वरच थांबतं. कोणत्याही कुंडीत मातीच्या सगळ्यात खालच्या भागात एक पाणथळ थर राहतोच, खडीमुळे तो नाहीसा होत नाही, फक्त वर सरकतो, म्हणजे मुळांच्या जास्त जवळ येतो. आणि मातीची जागा गेली ती वेगळीच.

ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा सगळ्यांना घरी करून बघायला सांगा. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून काढा, आडवा धरा. थोडं पाणी ठिबकेल आणि थांबेल. थांबलं की तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा पाणी पडायला लागतं. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीत मातीचा थर जितका उंच तितकं पाणी चांगलं निथळतं, आणि खडी घालून आपण तीच उंची कमी करतो.

मग काकांची झाडं कशी जगली? त्यांची माती भुसभुशीत असेल, भोकं मोठी असतील, मुख्य म्हणजे काकांना पाणी कधी द्यायचं ते कळत असेल. अनुभवी माणसाची सवय चालते कारण बाकीच्या दहा गोष्टी तो बरोबर करत असतो, त्या त्याला स्वतःलाही सांगता येत नाहीत. त्यामुळे काकांना 'तुम्ही चूक' म्हणू नका, त्यांना मातीत काय काय मिसळता ते विचारा. ते जास्त कामाचं निघेल. भोकातून माती वाहून जाते म्हणून खडी घालत असाल तर जाळीचा तुकडा किंवा खापरी पुरते.

मी माझ्या छोट्या टोमॅटोचं बी काढून ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना वाटलं. आता कोणाला मोठी फळं येताहेत, कोणाला आंबट, एकीला तर जेमतेम चार फळं. सगळे मला विचारताहेत तू नक्की कोणतं बी दिलंस. मी खरंच त्याच झाडाचं दिलं होतं! — बीवाली

दिलं असेलच. तुमचं मूळ रोप हायब्रिड होतं, पाकिटावर एफ-१ लिहिलेलं असणार. दोन वेगवेगळ्या वाणांचा संकर करून ते बी तयार करतात, पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार येते, पण तिच्या बियांमधून आजी-आजोबांचे गुण पुन्हा सुटे होऊन बाहेर पडतात. ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावर हेच दाखवलं आणि १८६६ मध्ये छापलं: उंच आणि बुटक्याचा संकर केला तर पहिली पिढी सगळी उंच, आणि तिच्या पुढच्या पिढीत तीनास एक या प्रमाणात बुटकी झाडं परत हजर. तुमच्या ग्रुपने नकळत तोच प्रयोग केलाय. खरं म्हणजे कोणाकडे कसं फळ आलं याचे फोटो एकत्र लावा, फार मजा येईल, आणि ज्याचं फळ आवडलं त्याचंच बी पुढे धरा.

वाटायचं बी देशी म्हणजे सरळ वाणाचं घ्या. टोमॅटो स्वतःच स्वतःचं परागीभवन करतो त्यामुळे त्यात भेसळ कमी होते. टोमॅटोच्या बीभोवतीचा बुळबुळीत थर दोन-तीन दिवस पाण्यात आंबवून काढा, धुवा, सावलीत पसरून पूर्ण वाळवा, कागदी पाकिटात भरा, आणि पाकिटावर वाणाचं नाव, महिना, वर्ष आणि हायब्रिड की सरळ हे लिहा. लिहाच. 'ओळखू येईल' म्हणून ठेवलेली पाकिटं कधीच ओळखू येत नाहीत. वाटण्याआधी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा, आठवड्याभरात सात-आठ उगवल्या तर वाटायला हरकत नाही. कांद्याचं बी वर्षभरात मंदावतं, टोमॅटोचं नीट ठेवलं तर चार-पाच वर्षं टिकतं.

वेलवर्गीय भाज्यांबद्दल मात्र जरा कडक सांगते. दुधी, काकडी, भोपळा, झुकिनी यांची फुलं मधमाश्यांसारख्या कीटकांवर अवलंबून, त्यामुळे शेजारच्या दुसऱ्या वाणाशी संकर सहज होतो. या वर्षीच्या फळाला त्याने काही होत नाही, पण बी मिसळलेलं असतं. घरी काढलेल्या बियांच्या वेलाला कधी कधी कडू फळ येतं. कारलं सोडून यातलं कुठलंही फळ कडू लागलं तर थुंकून टाका आणि फेकून द्या, शिजवून पण खाऊ नका. कुकुर्बिटासिन नावाचं द्रव्य असतं ते, विषारी आहे, शिजवल्याने जात नाही, आणि कडू दुधीच्या रसाने लोक गंभीर आजारी पडलेले आहेत. असं बी ग्रुपमध्ये गेलं असेल तर न लाजता सगळ्यांना कळवा.

परदेशातून कोणी लिफाफ्यात बी पाठवत असेल तर नको म्हणा. देशादेशांत रोपं-बियाणं नेताना रोगमुक्तीचा दाखला का मागतात, तर एका पाकिटातून नवीन रोग आला की तो परत जात नाही. २०२० साली अमेरिकेत कित्येकांच्या घरी न मागवलेल्या बियांची पाकिटं पोस्टाने आली होती, तेव्हा तिथल्या कृषी खात्याने सांगितलं होतं, पेरू नका.

एका मैत्रिणीने प्रेमाने जास्वंदीची फांदी दिली, तिच्याबरोबर मिलीबग आले आणि आता माझ्या निम्म्या झाडांवर आहेत. तिला सांगायला कसंतरी वाटतं. — संकोची

सांगा. तिच्या झाडावर पण असणार, तिला अजून दिसले नसतील. 'तू दिलेल्या फांदीवर होते' असं न म्हणता 'माझ्याकडे मिलीबग निघालेत, तू पण तुझं जास्वंद एकदा देठाच्या बेचक्यात बघ' असं म्हणा, झालं.

बेचक्यात, पानाच्या मधल्या शिरेला चिकटून, कधी कधी कुंडीच्या कडेच्या आतल्या बाजूला कापसासारखा पांढरा पुंजका दिसतो, तो बोटाने दाबला तर गुलाबी-नारिंगी पाणी निघतं. अंगावर मेण असल्यामुळे नुसतं पाणी मारून ते हलत नाहीत. कापसाच्या काडीवर सर्जिकल स्पिरिट घेऊन एकेकाला टेकवा, मेण विरघळतं आणि किडा तपकिरी पडतो. आधी एका पानावर लावून बघा, दुसऱ्या दिवशी पान ठीक असेल तर पुढे जा. जास्त पसरले असतील तर साबणाच्या पाण्याचा फवारा. आठवड्याने परत, मग परत, कारण अंड्यातून नवीन पिल्लं निघत राहतात. आणि मुंग्या बघा! मिलीबगच्या अंगातून निघणारा गोड चिकट रस मुंग्यांना हवा असतो म्हणून त्या त्यांची राखण करतात, त्यांच्या शत्रू किड्यांना हाकलतात. मुंग्यांची ये-जा बंद केली की अर्धं काम होतं.

यापुढे कुठलंही आलेलं झाड, कितीही जवळच्या माणसाचं असो, दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब. देणाऱ्यानेही फांदी द्यायच्या आधी धुऊन, पानामागे बघून द्यावी, कात्री पुसून घ्यावी. ग्रुपमध्ये कोणी तंबाखू खात-ओढत असेल तर त्यांनी टोमॅटो-मिरचीच्या रोपांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत, तंबाखूच्या पानातला मोझॅक व्हायरस सुक्या तंबाखूत पण टिकून राहतो आणि हातावरून रोपाला लागतो. हे कोणाला टोमणा मारण्यासाठी नाही, खरंच होतं.

मला उत्तरं द्यावीशी वाटतात पण मी काही एक्सपर्ट नाही, चुकीचं सांगितलं तर? — काठावरची

द्या की. फक्त 'हे करा' असं न लिहिता 'मी हे केलं' असं लिहा, आणि सोबत तुमच्याकडे ऊन किती, कुंडी केवढी, किती दिवसांनी काय दिसलं तेही. वाचणारा स्वतःच ठरवेल त्याला लागू पडतं का. दुसऱ्या कोणी आधीच बरोबर सांगितलं असेल तर नवीन उपायाची भर घालायची गरज नाही, 'यांचं बरोबर आहे, मला पण असंच झालं होतं' एवढं लिहिलं तरी विचारणाऱ्याला केवढा धीर येतो. आणि औषधाचं प्रमाण पाठ नसेल तर अंदाजाने लिहू नका, डब्यावरचं बघायला सांगा.

कुंडीत पिवळ्याधमक छत्र्या उगवल्यात. झाडाला धोका आहे का? ग्रुपवर एकाने विचारलं खाता येतील का. — छत्रीवाले

झाडाला काही नाही, ती बुरशी मातीतला कुजका भाग खाऊन जगते, कुंडीत ओल सतत आहे एवढाच त्याचा अर्थ. लहान मूल किंवा मांजर-कुत्रं घरात असेल तर उपटून टाका. खायचं मात्र नाव काढू नका. आणि ज्या कोणाला फोटोवरून छत्री ओळखता येते असं वाटतं त्यांनी ते ज्ञान ग्रुपवर वाटू नये. पानाबद्दल चुकीचा सल्ला दिला तर झाड जातं, इथे माणूस जातो.

तीन आठवडे बाहेर जायचंय. ग्रुपमधली एकजण जवळच राहते, ती पाणी घालते म्हणाली. पण मागच्या वेळी एकाने इतकं प्रेमाने पाणी घातलं की स्नेक प्लांट कुजलं. — प्रवासी

दुसऱ्याचं झाड सांभाळताना माणूस पाणी जास्तच घालतो, वाळलं तर आपल्यावर येईल म्हणून. त्यामुळे सूचना 'रोज थोडं' अशी देऊ नका, कुंडीवरच चिठ्ठी चिकटवा. स्नेक प्लांट, झेडझेड, निवडुंग यांच्यावर 'अजिबात नको', तीन आठवडे त्यांना काही होत नाही. मनी प्लांटसारख्यांवर 'बोट दोन पेरं घाल, ओलं लागलं तर सोडून दे'. मिरची-टोमॅटोसारख्या तहानलेल्यांवर 'दर दिवशी, एक मग'. कुंड्या उन्हातून काढून एका जागी जवळजवळ ठेवा, हवेतली ओल टिकते आणि तिचा पण वेळ वाचतो. कुंडीखालच्या बशीत पाणी साचलं तर ओतून द्यायला सांगा.

दोरीने बादलीतून पाणी खेचणारी युक्ती करणार असाल तर दोरी सुती घ्या, आधी ती ओली करा, एक टोक मातीत तीन-चार इंच खोल आणि दुसरं बादलीच्या तळापर्यंत, आणि बादली कुंडीच्या पातळीला किंवा थोडी वर. जायच्या आदल्या रात्री नाही, चार-पाच दिवस आधी लावून बघा, कुठल्या कुंडीत पाणी चढत नाही ते तुम्ही घरात असतानाच कळू दे. आणि मैत्रिणीला त्या दिवसांत एकदा बोलावून तुमच्यासमोर पाणी घालायला लावा, तिचा मग तुमच्या मगापेक्षा केवढा मोठा आहे ते लगेच दिसेल.